तापीकाठच्या हाताला ट्राउटची सवय: खानदेशातून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

हातनूर, गिरणा, वाघूर, सुलवाडे, प्रकाशा या पाण्यांवर गळ टाकणारी पोरं हल्ली एकच गोष्ट विचारतात: रेनबो ट्राउट पकडायचा तर सुरुवात कुठून करायची? माहिती इंटरनेटवर भरपूर आहे, पण ती अमेरिका-इंग्लंडमधल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली. भुसावळच्या फलाटावर रॉड घेऊन उभा राहणारा माणूस तिच्यात कुठेच नाही. मी या सगळ्यातून गेलो आहे, म्हणून क्रमाने मांडतो.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. सामान, परवाना, प्रवास हे सगळं जमून जातं. वेळ लागतो तो हात वळायला. आपला हात मरळ आणि कटल्यावर तयार झालेला असतो: जाड तंगूस, जड शिसं, एका जागी बसून वाट पाहणं आणि ओढ लागली की जोरात झटका. ट्राउटला यातलं काही म्हणजे काही चालत नाही. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये घरच्या सरावाची पायरी कोणी गाळू नका.

१. मासा कोणता, आणि तो आपल्याकडे का नाही

रेनबो ट्राउट मूळचा उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या नद्यांचा आणि रशियातल्या कामचाटकाचा. शास्त्रीय नाव ऑन्कोरिंकस मायकिस. जुन्या पुस्तकांत साल्मो गेर्डनेरी दिसेल. १९८९ मध्ये तो पॅसिफिक सामनच्या गटात गेला आणि नाव बदललं. मासा एकच. भारतात ट्राउट इंग्रजांनी आणला, गळाच्या हौसेसाठी. १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये, मग १९०९ मध्ये कुल्लू खोऱ्यात महिलीला उबवणी केंद्र झालं. तेव्हा आला तो ब्राउन ट्राउट, रेनबो मागाहून.

दोन्ही ओळखायला शिका, कारण नदीत दोन्ही भेटतात. रेनबोच्या कुशीवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गुलाबी-तांबूस पट्टा असतो आणि बारीक काळे ठिपके अंगभर, शेपटीवरसुद्धा. ब्राउनच्या अंगावर काळ्यासोबत लाल ठिपके असतात, त्यांच्याभोवती फिकट कडं दिसतं, आणि शेपटी बहुधा कोरी असते. गळ लागल्यावर पाण्याबाहेर उड्या मारतो तो बहुतेक वेळा रेनबो. ब्राउन खाली दगडाच्या कपारीकडे ओढ घेतो.

आता आपल्याकडे का नाही. ट्राउटला १० ते १६ अंश सेल्सिअसचं वाहतं पाणी मानवतं. २० च्या वर तो खाणं कमी करतो, २५ च्या आसपास मरायला लागतो. कारण तापमानाइतकंच हवेचंही आहे: १० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशाच्या पाण्यात जेमतेम साडेसात. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. त्या दिवसांत धरणाच्या काठच्या पाण्यात हात घालून पाहा, उत्तर मिळेल.

हे इतकं सविस्तर लिहिण्याचं कारण आहे. केळीच्या बागेसाठी शेततळं खोदलेला शेतकरी "यात ट्राउट सोडू का?" असं विचारतो, आणि कोणीतरी त्याला बीज विकायला तयारही असतं. घेऊ नका. डिसेंबरात सोडलेलं बीज मार्च संपेपर्यंत टिकणार नाही. तोरणमाळचा यशवंत तलावही चालणार नाही. तिथली हवा आपल्याला थंड वाटते, पण तलावाचं साठलेलं पाणी उन्हाळ्यात ट्राउटसाठी गरमच होतं. आणि समजा एखादा मासा जगलाच, तरी बाहेरदेशचा शिकारी मासा आपल्या पाण्यात सोडणं योग्य नाही. आपल्या नद्यांत खवल्या, वाम, मरळ आधीच कमी होत चालले आहेत.

२. कुठे आणि कधी

पहिल्या खेपेला हिमाचलच गाठा. तीन जागा लक्षात ठेवा.

तीर्थन खोरं: कुल्लू जिल्ह्यात, बंजारच्या पुढे गुशैणीपर्यंत. नदी स्वच्छ, काठाने चालता येतं, राहायला घरगुती सोय. नवख्या माणसाला मी हीच जागा सांगतो. मात्र इथे ब्राउन जास्त, रेनबो कमी, हे मनात धरून जा.

बरोट: मंडी जिल्ह्यात, ऊल नदीवर. मत्स्य विभागाचं ट्राउट केंद्र इथे आहे. जागा सुंदर, पोहोचायला थोडी आडवाट.

पतलीकूहल: कुल्लू-मनाली रस्त्यावर. इथलं सरकारी ट्राउट फार्म मुद्दाम पाहा. तिथे रेनबो अगदी जवळून दिसतो, तो धारेत कसा उभा राहतो हे कळतं, आणि त्याचा नदीवर थेट उपयोग होतो.

हिमाचलच्या ट्राउट पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंदी असते. हिवाळा हा विणीचा काळ. मादी शेपटीने वाळू-गोटे उकरून खळगा करते आणि त्यात अंडी घालते. त्या दिवसांत नदीत पायही घालू नये.

राहिलेल्या आठ महिन्यांतही सगळे सारखे नाहीत. मार्च ते एप्रिलचा मध्य चांगला. पुढे बर्फ वितळून पाणी वाढतं आणि गढूळ होतं. जुलै-ऑगस्ट पूर्ण सोडा. पाऊस, दरडी, मातकट पाणी. सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर हा माझ्या मते सगळ्यात उत्तम काळ: पाणी नितळ, उतरलेलं, आणि मासा खाण्यावर असतो. अडचण एकच, त्याच वेळी आपल्याकडे कापसाची वेचणी लागते. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी मार्चचा पहिला आठवडा धरावा, गहू-हरभरा काढायच्या आत परत येता येतं.

३. परवाना आणि कागदपत्रं

ट्राउटच्या नदीवर परवान्याशिवाय गळ टाकणं गुन्हा आहे. परवाना हिमाचलच्या मत्स्य विभागाकडून मिळतो, दिवसाच्या हिशेबाने. सोबत ठेवा:

- आधार कार्ड आणि त्याच्या दोन झेरॉक्स
- पासपोर्ट आकाराचे दोन-तीन फोटो
- फीसाठी रोख पैसे (डोंगरात मोबाइलला रेंज नसली की ऑनलाइन पैसे जात नाहीत)
- राहण्याच्या ठिकाणाचा पत्ता आणि फोन, कागदावर लिहिलेला

परवाना हातात आला की तो तिथेच उभं राहून वाचा. कोणत्या नदीचा, कुठून कुठपर्यंत, दिवसाला किती मासे, किती लांबीच्या आतला मासा परत सोडायचा, कोणतं आमिष चालतं, हे सगळं त्याला लागू असतं. फी आणि नियम बदलत राहतात, म्हणून मित्राच्या जुन्या परवान्यावर विसंबू नका.

इथे तीन ठिकाणी लोक फसतात. पहिलं, "परवाना लागत नाही, आपलीच नदी आहे" असं सांगणारा हॉटेलवाला. पकडले जाल तुम्ही, तो नाही. दुसरं, पॅकेजमध्ये "ट्राउट फिशिंग" लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात खाजगी फार्मच्या तळ्यावर नेऊन उभं करतात. आगाऊ पैसे देण्याआधी स्पष्ट विचारा: नदी की तळं? तिसरं, तीर्थन खोऱ्याच्या वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क आहे, २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ टाकायचा नाही. हद्द कुठे लागते ते गुशैणीतच विचारून घ्या.

४. सामान

सुरुवात स्पिनिंगने करा, म्हणजे स्पिनर (फिरत्या पात्याचं धातूचं आमिष) फेकायचा आणि रिळाने ओढत आणायचा. फ्लाय फिशिंग, म्हणजे पिसा-दोऱ्याची नकली माशी (फ्लाय) जाड लाइनच्या वजनावर फेकणं, फार सुंदर आहे, पण ते शिकायला हंगाम जातो आणि पहिल्याच सहलीत हात रिकामा राहिला की माणूस नाउमेद होतो.

- रॉड: साडेसहा ते सात फूट, हलका, दोन किंवा चार तुकड्यांचा
- रीळ: १००० ते २५०० नंबरचं, ड्रॅग (मासा ओढू लागला की तंगूस सोडणारा रिळाचा ब्रेक) गुळगुळीत चालणारा
- तंगूस: ४ ते ६ पौंडी. कटल्यासाठी आपण जी वापरतो तिच्यापुढे ही धाग्यासारखी वाटेल. घाबरू नका, एवढीच लागते
- स्पिनर: ३ ते ७ ग्रॅमचे, सोनेरी आणि चंदेरी, प्रत्येकी तीन-चार. दगडांत अडकून जातात, म्हणून जास्तीचे हवेत
- बारीक पक्कड: गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून बसवायला आणि मासा सोडवायला
- रबरी जाळीचं हातजाळं. दोरीच्या जाळीने माशाच्या अंगावरचा चिकट थर खरवडला जातो
- पोलराइज्ड चष्मा: पाण्यावरची चमक जाते आणि तळ दिसतो. ही चैन नाही, गरज आहे
- पकड असलेले बूट, लोकरीचे मोजे, वाऱ्या-पावसाचं जॅकेट

फ्लायचं सामान घ्यायचंच असेल तर साडेआठ-नऊ फुटी, ४ किंवा ५ वजनाचा रॉड (हा लाइनचा नंबर, किलो नव्हे), तरंगणारी लाइन आणि तिच्या टोकाला बांधायचा बारीक तंगुशीचा नऊ फुटी निमुळता लीडर पुरे. फ्लाय १२ ते १६ नंबरच्या, त्यातही पाण्याखाली चालणाऱ्या, अळीसारख्या दिसणाऱ्या निंफ जास्त घ्या.

रॉड रेल्वेतून न्यायला जळगावात कुठेही मिळणारा तीन इंची पीव्हीसी पाइप कापून घ्या, दोन्ही टोकांना झाकण लावा. बर्थखाली कोणी पाय दिला तरी रॉड सुरक्षित. गळ आणि स्पिनर घट्ट झाकणाच्या डबीत. डब्यात लहान मुलं असतात.

५. घरचा सराव

निघण्याआधी निदान महिनाभर हे करा. जेवढा सराव इथे होईल तेवढी नदी तुम्हाला काही देईल, कारण तिथले दिवस मोजके असतात आणि परवान्याचे पैसे रोज जातात.

फेक. मोकळ्या मैदानावर परात ठेवा. स्पिनरचा गळ काढून टाका, दहा पावलांवरून परातीत टाका, मग पंधरा, मग वीस. आपल्या धरणांवर लांब फेकणारा तो पटाईत, ट्राउटच्या नदीवर नेमकं टाकणारा. नदी कधी कधी अंगणाएवढी रुंद असते. दगडाच्या मागे, परातीएवढ्या जागेत स्पिनर पडला पाहिजे, आणि पडताना आवाज कमीत कमी झाला पाहिजे. त्यासाठी स्पिनर पाण्याला टेकायच्या क्षणी बोटाने तंगूस हलकेच अडवायची सवय लावा.

गाठ. बारीक तंगुशीची गाठ कोरडी आवळली तर ती तिथेच कापली जाते. तोंडात धरून ओली करा, सावकाश आवळा, मग ओढून बघा. डोळे मिटून बांधता येईपर्यंत बांधा, कारण गार पाण्यात बोटं आखडतात.

ड्रॅग. रॉड कुणाच्या तरी हातात द्या, तंगूस स्वतः ओढा. तुटायच्या खूप आधी रिळाने तंगूस सोडायला हवी. आपल्याकडे ड्रॅग घट्ट करून मासा काठावर खेचून काढायची रीत आहे. चार पौंडी तंगुशीवर ती चालत नाही.

खरा मासा. पांझरा, गिरणा, वाघूर या नद्यांच्या वाहत्या भागात त्याच हलक्या सामानावर खवल्या, चिलापी पकडा. पिंपळनेर-साक्रीकडे पांझरेला पावसाळ्यानंतर गोट्यांवरून खळाळणारं पाणी असतं. धारेत स्पिनर कसा ओढायचा हे शिकायला त्याहून चांगली जागा खानदेशात मला माहीत नाही. धरणांवर आणि तलावांवर मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतो. आधी विचारा. काठावरचे भोई, कोळी बांधव परवानगीसोबत दोन गोष्टी शिकवतातही. पाणी वाचावं कसं हे मी पुस्तकापेक्षा त्यांच्याकडूनच जास्त शिकलो.

६. प्रवास

जळगाव-भुसावळहून झेलम एक्स्प्रेस आणि सचखंड एक्स्प्रेस थेट अंबाल्याला जातात. धुळे-नंदुरबारकरांनी जळगावला किंवा मनमाडला येऊन गाडी धरावी. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. अंबाल्याहून चंदीगड, तिथून मनालीकडची बस. मंडी, पंडोह गेलं की औट येतं. तीर्थनला जायचं तर औटच्या बोगद्याआधीच उतरा. तिथून लारजीमार्गे बंजारचा रस्ता फुटतो. कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवा, नाहीतर बोगदा पार करून कुल्लूकडे निघाल.

पोहोचलात त्याच दिवशी नदीवर धावू नका. परवाना काढा, काठाने नुसतं चाला, पाणी बघा.

७. नदीवर

धरणावर आपण जागा धरून बसतो आणि मासा फिरत येतो. इथे उलट आहे. ट्राउट जागा धरून उभा असतो आणि फिरायचं तुम्ही. एका जागी पाच-सहा फेकी, मासा नाही तर वर सरका.

तो नेहमी धारेकडे तोंड करून उभा राहतो, कारण पाण्यासोबत वाहत येणाऱ्या किड्यांच्या अळ्या हेच त्याचं मुख्य खाणं. जोराच्या धारेत उभं राहिलं तर ताकद खर्च होते, संथ पाण्यात खाणं येत नाही. म्हणून तो दोन्हींच्या सीमेवर थांबतो. या जागा शोधा:

- मोठ्या दगडाच्या मागची सावली, आणि दगडाच्या पुढची संथ पाण्याची छोटी उशीसुद्धा
- जलद आणि संथ पाणी जिथे शेजारून वाहतं ती रेघ, बहुतेकदा तिच्यावर फेस दिसतो
- खळाळ संपून डोह सुरू होतो ते तोंड
- काठाखाली पाण्याने कोरलेली कपार, वर झाडाची फांदी असेल तर आणखी बरं

डोहाचा मधला खोल भाग बघून आपल्याला मोह होतो. मरळ तिथे असता. ट्राउटसाठी डोहाचं तोंड आणि शेवट आधी बघा.

चालायचं खालून वर. मासा धारेकडे पाहत असतो, म्हणजे तुम्ही त्याच्या मागून येता. त्याला पाण्यावरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं, साधारण ९७ अंशांच्या कोनात. जितके उंच उभे राहाल तितके त्या खिडकीत लवकर दिसाल. वाका, गरज पडली तर गुडघ्यावर बसा. भडक कपडे नकोत. गोट्यावर बूट आपटला तर तो धक्का त्याच्या अंगावरच्या संवेदना-रेषेला आधी कळतो. आणि सावली: सकाळी सूर्य पाठीशी असेल तर तुमची सावली तुमच्या आधी डोहात पोहोचते.

स्पिनर वरच्या बाजूला तिरका टाका आणि धारेपेक्षा किंचित वेगाने गुंडाळा, पातं फिरत राहील इतकंच. तळाला लागला तर रॉडचं टोक वर, फिरायचा थांबला तर थोडा वेग. फ्लाय वापरत असाल तर उलट: तिला धारेच्याच वेगाने, काहीही न ओढता वाहू द्या.

सकाळचं ऊन पाण्यावर यायच्या आधीचा आणि संध्याकाळचा शेवटचा वेळ चांगला. मार्चमध्ये मात्र पहाटे पाणी इतकं गार असतं की मासाही सुस्त असतो. नऊ-दहाच्या पुढे जा.

८. मासा लागल्यावर

झटका देऊ नका. ट्राउटचं तोंड नाजूक असतं, झटक्याने फाटतं किंवा तंगूस तुटते. रॉड नुसता उचला, ताण धरा. तो धावला तर धावू द्या, ड्रॅग आपलं काम करील. उडी मारली तर रॉड थोडा खाली, म्हणजे तंगूस सैल होऊन झटका सोसते. दमला की हातजाळ्यात घ्या.

सोडायचा मासा असेल तर हात आधी पाण्यात बुडवून ओले करा, पोटावर दाबू नका, कल्ल्यांत बोट घालू नका. फोटो काढायचाच तर एका श्वासात. मग धारेकडे तोंड करून दोन्ही हातांत आधार द्या; तो स्वतःहून निघून जाईपर्यंत सोडू नका. आकारात अपेक्षा बेताची ठेवा. जगातला गळावरचा विक्रमी रेनबो २००९ मध्ये कॅनडाच्या डिफनबेकर तलावात मिळाला, ४८ पौंडांचा. आपल्या हिमाचलच्या नदीत वीत-दीड वीत लांबीचा मासा हा चांगला मासा.

९. पाण्याचा धोका

इथे घाई करू नका, नीट वाचा. ८ जून २०१४ रोजी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात, ब्यास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ विद्यार्थी वाहून गेले. ती जागा तुमच्या वाटेवरच आहे. ब्यासच्या पात्रात, कुठल्याही धरणाच्या किंवा वीज प्रकल्पाच्या खाली उतरू नका. भोंगा ऐकू आला की सामान टाकून वर या.

धरण नसलेल्या नदीतही बर्फाचं पाणी दुपारी वाढतं. सकाळी ओलांडलेली धार संध्याकाळी ओलांडता येईल असं धरून चालू नका. पाण्यात गुडघ्याच्या वर जाऊ नका, हातात काठी ठेवा, आणि तापीत कितीही पोहत असाल तरी इथल्या पाण्यात पोहायचा विचार नको. इतक्या गार पाण्यात आपल्यासारख्या माणसाचे हातपाय काही मिनिटांत ऐकेनासे होतात. एकट्याने जाऊ नका. स्थानिक वाटाड्या घ्या आणि त्याने "नको" म्हटलं तर तिथे वाद घालू नका.

१०. ठेवलेला मासा

परवान्यात बसेल तेवढाच ठेवा, आणि त्यातही आजच्या जेवणापुरता. लगेच मारून पोट साफ करा, पाण्याने धुऊन सावलीत गार ठेवा. खवले इतके बारीक असतात की काढावे लागत नाहीत.

आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यात मात्र घालू नका. मरळ तो मसाला पेलतो, ट्राउटची चव त्यात हरवते. मीठ, हळद, लसूण, लिंबू लावून तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी भाजा. मासा स्वतःच तेलकट असतो. सोबत घरून नेलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा चालतो. जळगावला बर्फात घालून आणायचा खटाटोप करू नका. रेल्वेच्या दीड दिवसात मासा खराब होतो, त्यापेक्षा नदीत सोडलेला बरा.

परत आल्यावर बूट, जाळं आणि रीळ गोड्या पाण्याने धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा, मगच गिरणेत किंवा तापीत वापरा. एका नदीतले सूक्ष्म जीव आणि रोग दुसऱ्या नदीत जातात ते ओल्या सामानातूनच. काश्मीरचा बेत असेल तर तिथला हंगाम एप्रिल ते सप्टेंबर असतो. तिथे नदीचे तुकडे पाडलेले आहेत, त्यांना बीट म्हणतात, आणि परवाना ज्या बीटचा असेल त्याच बीटवर उभं राहता येतं. चांगले बीट लवकर भरतात, म्हणून रेल्वेचं तिकीट काढण्याआधी श्रीनगरच्या मत्स्य विभागाकडे तारीख पक्की करा.